वहीवाले पणजोबा

नातीला शाळेत वंशावळ सांगायची होती, म्हणून आजोबा तिला मोठ्या हौसेने दप्तरखान्यात घेऊन आले. ज्यांच्या हातची जुनी वही घरात जपली होती, ते 'वहीवाले पणजोबा' पलटणीत शिपाई होते. नोंद सापडली आणि आजोबांच्या तोंडचं पाणीच पळालं. रजेवर असताना घरी तापाने मृत्यू, सन १८७१.

पणजोबांच्या एकुलत्या एका मुलाचा जन्म तर १८७४चा होता!

नातीने बोटांवर वर्षं मोजली. "आजोबा, मग आपण कोणाचे?"

"हळू बोल गं बाई!" आजोबांनी कारकुनाकडे चोरून पाहिलं. चार पिढ्यांची अब्रू त्या एका ओळीवर टांगली होती.

"बायकोने कळवलं, म्हणून नोंद झाली," कारकून म्हणाला. "हे बघा तिचं पत्र. खाली अंगठा आहे."

आजोबांना घामाने काही दिसेना. नातीने सोबत आणलेली वही पत्राशेजारी उघडली. दोन्हीकडच्या डावीकडे कललेल्या अक्षरांवरून तिने सावकाश बोट फिरवलं.



"घाबरू नका, आजोबा. मेल्याचं पत्र पणजोबांनी स्वतःच लिहिलंय!"