चांदीच्या कणांची पट्टी

फुटलेली काच लागून चिघळलेला त्याचा उजवा हात महिनाभर काही केल्या बरा होत नव्हता. मग दवाखान्यातल्या सिस्टरने चांदीच्या नॅनोकणांची नवी पट्टी सुरू केली आणि पंधरा दिवसांत पू आटून जखम भरली. रोज सोबत येणाऱ्या बायकोवर तो मात्र सगळ्यांदेखत डाफरायचा, "हिच्यापायीच हात फुटला माझा!"

शेवटच्या दिवशी सिस्टरने पट्टी सोडली. त्याने मूठ गच्च आवळून बायकोच्या नाकासमोर धरली. "बघितलंस? पहिल्यासारखी वळते. चल आता घरी!"

तो गाडी काढायला गेला. सिस्टर कौतुकाने म्हणाली, "सुटलात बाई एकदाच्या!"

बायकोने तिचा हात घट्ट धरला.



"सिस्टर, अजून आठवडाभर पट्टी लागेल, असं सांगा ना त्यांना."