मुळात नसलेलं वाक्य

मास्तरांनी चष्मा पुसला आणि मावशीला विचारलं, "सुरू करू?" मावशीनं मान हलवली. तिच्या मांडीवर कुणाची तरी पँट होती, खालची शिलाई उसवायला घेतलेली. हात रिकामे ठेवून बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

काय करायचं ते तिला दोनदा सांगून झालं होतं. मास्तर पवित्र शास्त्रातली एक गोष्ट वाचणार, तिनं ती ऐकायची आणि आपल्या शब्दांत परत सांगायची. भाषांतर साध्या माणसाला कळतं की नाही, हे तपासायची हीच रीत. त्यासाठी ते पुस्तक कधी उघडलेलंच नाही असं माणूस लागतं. खालच्या मजल्यावर कपडे दुरुस्त करून देणारी मावशी त्या बाबतीत अगदी कोरी होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मास्तरांची लेक मूळ ग्रंथ उघडून बसली होती. मास्तर नऊ वर्षं भाषांतर करत होते आणि ती नऊ वर्षं ते डोळ्यांत तेल घालून मुळाशी ताडून बघत होती. शब्द न् शब्द देवाचा आहे, एक कमी नको की एक जास्त नको, असं तिचं ठाम म्हणणं. मास्तरांचं मात्र अलीकडे काही खरं नव्हतं. एकेक ओळ दहादा लिहून नऊदा खोडणाऱ्याला यातली देवाची कुठली, हे सांगता येईना. देवानं सांगितलं म्हणतेस, मग एवढी खोडरबरं माझीच का झिजली, असं ते लेकीला विचारत आणि ती तणतणत चहा टाकायला उठे. म्हणायला थट्टा, पण ती त्यांना आतून लागली होती. नऊ वर्षं आपण नुसती शाईच वाळवली की काय, ही धास्ती या वयात कुणाला सांगणार?

आजची गोष्ट घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाची होती. तो आपला वाटा घेऊन लांब निघून जातो, सगळं उडवतो, उपाशी मरायची पाळी आल्यावर परत फिरतो आणि बाप त्याला लांबूनच ओळखून धावत सुटतो. मास्तरांनी सावकाश वाचलं. मध्येच लेकीनं डोकं वर केलं. 'बाप रोज दारात येऊन उभा राहत असे' हे वाक्य मुळात नव्हतं. परवा पक्की प्रत लिहिताना ते मास्तरांच्या हातून उतरलं होतं. कसं, ते त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांच्या घरातून कधी कुणी निघून गेलेलं नाही. एकुलती एक लेक, तीही समोर बसलेली. खोडायला हवं होतं, पण खोडवलं नव्हतं.

लेकीनं आपल्याजवळच्या भाषांतराच्या नकलेत त्या वाक्याखाली रेघ मारली आणि मावशीला सांगायला सांगितलं.

पोरगं गेलं, एवढ्यावर मावशीनं अर्धी गोष्ट उरकली. मुलानं कुठं काय उडवलं, कुणाकडे राबला, त्याचं तिला काही नव्हतं. ती थेट बापाकडे आली आणि तिथंच रेंगाळली. बाप रोज संध्याकाळी दारात येतो, ती म्हणाली. उगाच उभा राहिला तर लोक विचारतील, म्हणून हातात काहीतरी घेतो. कापड झटकतो. चिंध्या पडून गेल्या तरी झटकत राहतो. बस येते, माणसं उतरतात, आपापल्या घरी जातात. मग तो आत येतो. कुलूप लावतो, पण आतली कडी घालत नाही. न जाणो, किल्ली अजून पोराच्या खिशात असली तर.

लेक लिहिता लिहिता थांबली. बस कुठली, चिंध्या कुठल्या, हे ती विचारणार तोच तिला उमगलं. मावशीचा मुलगा तीन वर्षांपूर्वी भांडून गेला तो गेलाच, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी मावशी दुकानाच्या दारात कापड झटकत असते, हेही सगळे बघत होते. लेकीनं शंभरदा पाहिलं होतं. तिला वाटायचं, काय स्वच्छतेची आवड या बाईला!

"हे असंच छापून येणार ना?" मावशीनं विचारलं. "बाप दारात उभा राहतो ते?"

लेकीला 'हो' म्हणावंसं वाटलं, पण ती खोटं बोलणारी नव्हती. तिनं समजावून सांगितलं, की लांबून ओळखतो ते राहील, धावत जातो तेही राहील. दारात उभा राहतो तेवढं मात्र काढावं लागेल. ते बाबांनी घातलंय.

मावशीनं मास्तरांकडे पाहिलं. गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण त्या नजरेपुढे गप्प बसणं त्यांना जमेना.

"खरं आहे, बाई," ते म्हणाले. "ते वाक्य देवाचं नाही. माझंच आहे."

मावशी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. तिला राग आलेला नव्हता.

"मी दारात त्याची वाट बघत उभी असते, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, मास्तर," ती म्हणाली. "मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

ऐकणाऱ्याचा प्रत्येक प्रश्न वहीत उतरवायचा आणि शेजारच्या रकान्यात भाषांतरकाराचं उत्तर लिहायचं, असा नियम होता. लेकीनं प्रश्न उतरवला. मग शेजारच्या रकान्यात पेन्सिल टेकवून ती बापाकडे बघत राहिली.