लाटलेली भाकरी

बौद्धवाडीतलं घर रस्त्यासाठी पाडलं, तेव्हापासून चंदाबाई जेट्टीवरच्या शेडमध्ये झोपायची. तिथला रखवालदार पहाटे तळपायांवर काठी हाणून उठवायचा. अखेर तिच्या भाचीने, भावनाने, तिला थळला आपल्या घरी आणलं.

पहिल्याच सकाळी भावना तांदळाची भाकरी थापायला बसली. पहिली थाप पडली आणि चंदाबाई बोचकं उचलून दाराबाहेर धावली. "जाते, जाते, मारू नको रं!"

शेजारी बघत राहिले. त्या दिवशी चंदाबाईने मान वर केली नाही.

दुसऱ्या सकाळी भावना आवाज न करता लाटणं फिरवत होती.

"भाकरी कोन लाटतं का गो? लोकं हसतील. सरक."

चंदाबाई परातीशी बसून थापू लागली. प्रत्येक थापेला आखडणारे पाय तिने लुगड्याखाली झाकून घेतले होते.