वासितीची साक्ष

"हा लाल नको, निळा घाल," आत्या म्हणाली. "कोर्टात भडक कपडे बरे दिसत नाहीत."

वासितीने झगा बदलला. निळाही आता ढगळ होत होता. ओसरीवर बाप उकडलेल्या कसावा कंदाचा तुकडा हातात धरून नुसताच बसला होता.

एकोणीस वर्षांची वासिती खाडीपलीकडच्या हॉटेलात खोल्या आवरायची. मालक वेदरॉल. निम्मं गाव त्याच्या हॉटेलवर जगायचं. चर्चचं छप्पर त्याने घातलेलं, पोलिसांची मोटरबोटही त्यानेच दिलेली. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी त्याने वासितीला चादर बदलायला खोलीत बोलावलं आणि आतून कडी घातली.

ती तशीच उठून पोलिसांत गेली. फौजदार तिचा लांबचा मामा. त्याने तिची हकीकत तीनदा लिहून घेतली. पहिला कागद म्हणे भिजला, दुसऱ्यात तारीख चुकली. तिसऱ्यावर तिने न वाचताच सही केली. डॉक्टरांचा अहवाल राजधानीत, सुवाला गेला आणि तिथेच कुठेतरी गहाळ झाला. तिला रडत बाहेर येताना पाहणारी, हॉटेलातच कामाला असलेली लोसाना एकटीच होती. तिला मालकाने बढती देऊन दुसऱ्या बेटावर धाडलं.

मग वेदरॉलची माणसं रीतीप्रमाणे देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला आली. गावप्रमुखाने तो दोन्ही हातांनी स्वीकारला. यांगोनाच्या मुळांच्या पेयाचे कटोरे फिरले, टाळ्या वाजल्या.

"झालं, मिटलं," गावप्रमुख म्हणाला.

"दात तुम्हाला मिळाला," वासिती दारातून म्हणाली. "मला काय मिळालं?"

"थोरामोठ्यांत बोलतेस? जीभ आवर!"

बापाने मान वर केली नाही. त्या दिवसापासून विहिरीवर तिच्याशी कुणी बोलेनासं झालं.

कोर्टाच्या पायरीवर वकील वाट पाहत होता. सरकारने दिलेला, तरुण, आताच दमून गेलेला.

"अजूनही मिटवता येईल बघ," तो हळूच म्हणाला. "त्यांच्या वकिलाशी बोललोय मी. दोन ओळी लिहून दे, सगळे आपापल्या घरी."

"नाही लिहिणार. जे झालं तेच सांगणार."

"मोठी माणसं आहेत ती, पोरी."

"मग काय, मी लहान आहे म्हणून खोटं बोलू?"

आत्याने तिचा हात दाबला. "बोलू दे तिला. त्यालाही सगळ्यांसमोर बसून ऐकावं लागेल की!"

वेदरॉल आला होताच. पांढराशुभ्र सदरा, शेजारी बायको. फौजदारमामाने रुमालाने खुर्ची पुसून दिली, तेव्हा तो बसला. त्याला पाहिलं की आपली मान खाली जाईल, असं वासितीला वाटलं होतं. गेली नाही. इतके दिवस मनात घोकलेलं पहिलं वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं.

न्यायाधीश येऊन बसले. कारकुनाने घसा खाकरून कागद उघडला.

"पोलिसांत खोटी तक्रार देऊन एका प्रतिष्ठित गृहस्थाची बदनामी केल्याचा गुन्हा," त्याने वाचलं. "फिर्यादी, श्रीयुत वेदरॉल. आरोपीने उभं राहावं."

वासिती उभी राहिली.