गाडी चढ चढेना

समजा, तुम्ही एका उंच, जुन्या गाडीत मागे बसला आहात. खाली लाल माती, दोन्ही बाजूंना वाळकं गवत आणि समोर एक चढ. सेल्विनमामा पाय दाबतो. गाडीने आता झेप घ्यायला हवी. पण ती अंगात कापरं भरल्यासारखी थरथरते. दारं खडखडतात, दातावर दात आपटतात. मामा पाय काढतो की थरथर थांबते. पुन्हा दाबतो, पुन्हा तेच. आता तुमच्या जागी लहानग्या लेकिशाला बसवा आणि तिच्या शेजारी तिच्या आजीला.

"परत फिरव," आजी म्हणाली. "त्याची मर्जी नाही."

'तो' म्हणजे आजोबा. ते गेल्यापासून त्यांचं नाव कोणी तोंडाने घेत नव्हतं. त्यांच्या लोकांत तशी रीतच होती. गाडी त्यांची, म्हणून तीही वर्षभर झाडाखाली उभी होती. काल ओल्या पानांची धुरी देऊन ती वापरायला मोकळी केली, कारण दुसरी धड गाडी नव्हती आणि आजीला शहरात न्यायचं होतं. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. उद्या सकाळी तिचं रक्त यंत्रातून शुद्ध झालं नाही तर काय होईल, ते दवाखान्यातल्या बाईंनी लेकिशासमोरच सांगितलं होतं.

यंत्र फक्त शहरात. एकदा लागलं की सुटत नाही, म्हणून आजीला आता तिथेच राहायचं होतं. तिची धाकटी बहीण अशीच शहरात गेली होती. ती परत आली, पण शवपेटीतून.

मामाने चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवून बॉनेट उघडलं.

"जिवंतपणी मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही," तो पुटपुटला, "आणि आता हा असा सूड."

"तुझं चालवणंच तसं," पुढच्या सीटवरून लेकिशाची आई म्हणाली. "तोंड कमी चालव, हात चालव. अंधार पडायच्या आत पोचायचंय."

थंडी बोचत होती. आजी दोन्ही हातांनी डोकं झाकून बसली होती. तिची लोकरीची टोपी सकाळपासून सापडत नव्हती. पिवळी-काळी, गावच्या फुटबॉल संघाच्या रंगांची. ती टोपी आजी ऐन उन्हाळ्यातही काढत नसे. पहाटे सगळे सामान बांधत होते, तेव्हा ती एकटीच गाडीला टेकून उभी होती. नवऱ्याच्या गाडीशी बोलत असेल म्हणून कोणी हटकलं नव्हतं.

मामा कामाला लागला. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती तपासली, शाबूत होती. गाडीखाली सरपटत जाऊन त्याने चाकांकडे जाणारा दांडा हलवून पाहिला, जरासुद्धा ढिला नव्हता. डिझेल गाळणारा फिल्टर बदलला. मग हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर लख्ख होता.

"आता मात्र माझी अक्कल संपली," तो म्हणाला.

"परत फिरव," आजी पुन्हा म्हणाली. या वेळी जरा मोठ्याने.

"मामा," लेकिशा म्हणाली, "पाय दाबलास की मागून काळा धूर येतो."

"डिझेलची गाडी आहे बाई. गुलाबी येणार का?"

"आणि तो फिल्टर एवढा स्वच्छ कसा? माझ्या नाकात बघ किती धूळ गेलीय."

मामा हसायला गेला आणि थांबला. त्याने डब्याचं झाकण तसंच उघडं ठेवलं, बॉनेट टेकवलं आणि गाडी थोडी पुढे पळवली. थरथर नाही. धूर नाही. तो उडी मारूनच खाली उतरला.

"श्वास कोंडलाय हिचा! वरून हवाच येत नाही!"

काचेच्या कडेने टपापर्यंत एक जाड काळी नळी गेली होती. धुळीच्या वर तोंड काढून गाडी तिच्यातून श्वास घेई. तोंडावरची जाळी कधीच पडली होती.

"काल धुरी देताना मीच फांद्या वर धरल्या होत्या," मामा कपाळावर हात मारत म्हणाला. "पानं आत गेली असणार. माझा पंजा मावत नाही त्यात. चढ गं लेकिशा."

लेकिशा बॉनेटवर चढली. तिने नळीत कोपरापर्यंत हात घातला. बोटांना पानं लागली नाहीत. लोकर लागली.

तिने काचेतून आत पाहिलं. आजी तिच्याकडेच बघत होती. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी काही विनवलं नाही. नुसती बघत होती. आजीच्या मागे, मागच्या काचेतून, त्यांच्या गावाची लांबट लाल टेकडी दिसत होती.

हात रिकामा बाहेर काढणं सोपं होतं. काही नाही मामा, एवढंच म्हणायचं होतं. गाडी परत फिरली असती.

"लागलं का काही?" खालून मामा ओरडला. "पानंच ना?"

लेकिशाने बोळा ओढून काढला आणि पटकन स्वेटरच्या आत लपवला.

"हो मामा. पानंच."

मामाने डबा बंद केला. या वेळी इंजिन एका सुरात घुमलं. आई हुश्श म्हणाली. मामा चाकाला लाथ मारून म्हणाला, "बघितलंस म्हातारे? त्याची मर्जी आहे!"

आजीने मान वळवून मागच्या काचेतून टेकडीकडे पाहिलं.

लेकिशा मागे जाऊन तिला चिकटून बसली. स्वेटरमधून तिने पिवळी-काळी टोपी काढली, झटकली. लाल धूळ दोघींच्या मांडीवर पडली. मग तिने ती टोपी आजीच्या डोक्यावर घातली, दोन्ही कानांवर नीट ओढली आणि पुढे वाकून म्हणाली,

"मामा, हळू चालव."