बंदरापुरता बॉम्ब

"हा सगळ्यात लहान अणुबॉम्ब. पाठीवरच्या पिशवीत मावतो, एखादा पूल उडवायला पुरे. आणि हा सगळ्यात मोठा. पडला तर अख्खं शहर नकाशावरून पुसलं जाईल." बारक्याने फळ्यावरच्या चित्रांवरून छडी फिरवली आणि मधल्या एका चित्रावर टेकवली. "आपला हा, लहानांतला. याने लढायचं नाही, बंदर खोदायचं. किनाऱ्यात पुरायचा आणि उडवायचा. वीस वर्षांचं काम पापणी लवेपर्यंत!"

मासळीबाजाराच्या शेडमध्ये सगळं गाव दाटीवाटीने बसलं होतं. बारक्या आता अणुखात्यात मोठा शास्त्रज्ञ होता, पण त्याला साहेब म्हणेल तर ते गाव कसलं! बंदर नसल्यामुळे वादळात परतणाऱ्या होड्या खडकांवर फुटत. त्याचे वडील तसेच गेले होते. त्यामुळे आज कुणाला काय बोलू आणि काय नको असं झालं होतं.

"पोरा, गावाचे पांग फेडलेस," थोरले काका उभे राहून म्हणाले. एका मावशीने तर नव्या होडीला त्याचंच नाव देऊन टाकलं. बारक्या कानापर्यंत लाल झाला.

मग कधी नव्हे ती त्याची आई बोलायला उठली.

"आम्हा बायकांचं ठरलंय. बंदर झालं की पहिल्याच दिवशी सगळी लेकरं त्या पाण्यात उतरवायची. भीतीपोटी आपण त्यांना कधी समुद्रात खेळू दिलं नाही. आता डुंबू देत मनसोक्त. मी स्वतः नेणार त्यांना."

टाळ्यांनी शेड दणाणली. पाण्याबद्दल कुणी शंका काढलीच तर काय सांगायचं, हे खात्याने बारक्याकडून घोटून घेतलं होतं. शंका कुणी काढलीच नाही. गावाने विरोध केला असता तर तो वादात सहज जिंकला असता. या आभारांपुढे त्याचं काही चालेना.

"आई, नको."

"काय नको?"

"त्या पाण्यात कुणाला उतरवू नकोस. त्यातलं विष डोळ्यांना दिसणार नाही. तिथले मासेही खाता येणार नाहीत. किती वर्षं, ते आम्हालाही नक्की माहीत नाही." त्याने छडी खाली ठेवली. "मी लहान म्हणालो, ते त्या मोठ्याच्या शेजारी ठेवून. लेकरांच्या शेजारी ठेवला तर तो लहान नाही."

काका डोकं धरून खाली बसले. बंदर गेलं होतं. बारक्याची नोकरीही जाणार, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

आई गर्दीतून वाट काढत फळ्यापाशी आली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"उपकार झाले रे," ती म्हणाली. "त्या वादळात मी काठावरून तुझ्या बाबांना जिवाच्या आकांताने ओरडत होते, इकडे वळू नका, इथे खडक आहेत. वाऱ्यात माझा आवाज पोचलाच नाही. तुझा पोचला."