मौनभोजन

चातुर्मासात कुमुदताई जेवताना बोलत नसत. बोलल्या तर ताटावरून उठायचं आणि दिवसभर उपाशी राहायचं, असा नेम. त्यांनी पहिला घास घेताच दिराने शेजारी जेवत असलेल्या त्यांच्या लेकीच्या प्रवेशाचा विषय काढला.

“इरावतीला इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या पदवीला घालू. पंधरा लाखांचं कर्ज मी मिळवून देतो, नोकरी लागली की दहा वर्षांत फिटेल. वहिनी गप्प आहेत, म्हणजे होकारच,” तो हसला. “जेवण झालं की सही कर, पोरी.”

कुमुदताईंनी हातातला घास खाली ठेवला.

“भावजी, तुमच्या लेकानं हीच पदवी घेतली. पगार अठरा हजार, हप्ता बावीस. तो हप्ता आता माझ्या लेकीच्या प्रवेशावर कॉलेज तुम्हाला देईल त्या कमिशनातून भरणार?”

त्या ताटावरून उठल्या. “सही करायची नाही, इरा. पोटभर जेव. मी एक दिवस उपाशी राहीन, तुला दहा वर्षं नाही राहू देणार.”